पट मोजण्याआधी पायवाट मोजा

सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीतली सहावीतली मुलगी सकाळी घरातून निघते आणि मळ्याच्या बांधावरून चालत थोड्या वेळात शाळेत पोचते. तिची शाळा जिल्हा परिषदेची, पूर्ण प्राथमिक, म्हणजे पहिली ते सातवी. तिथले सहावी-सातवीचे वर्ग उद्या उठले, तर तिला वहाळ ओलांडून, घाटी उतरून एसटीच्या थांब्यावर उभे राहावे लागेल. जुलैत वहाळाला पाणी चढले की साकवावर पाय ठेवायला मोठी माणसेही कचरतात. ही वेळ तिच्यावर येऊ द्यायची का, हे आपण आताच ठरवायला हवे.

शिक्षकांच्या पदांच्या संचमान्यतेसाठी काढलेल्या १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी २० पटाची अट आणली. पट त्याखाली गेला की त्या वर्गांना शिक्षकाचे एकही पद मंजूर नाही. शाळेला कुलूप लावण्याचा आदेश कोणी काढत नाही, पण शिक्षकच नसेल तर वर्ग आपोआप मिटतो. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा राज्यात २० पर्यंत पटाच्या १४,७८३ शाळा आणि त्यांत १,८५,४६७ मुले असल्याचे सरकारनेच सांगितले होते. या मुलांतली कितीतरी आपल्या कोकणातली, डोंगरपट्ट्यातली आहेत.

पूर्ण प्राथमिक शाळेत सहावी आणि सातवी असे दोनच वरचे वर्ग असतात. त्यांत मिळून २० मुले हवीत, म्हणजे त्या परिसरात दरवर्षी दहा मुले जन्मायला हवीत, आणि ती सगळी गावातच राहायला हवीत. सिंधुदुर्गात हे कसे व्हावे? २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. राज्य वाढत होते, तेव्हा हा जिल्हा आकसत होता. दर चौरस किलोमीटरला राज्यात सरासरी ३६५ माणसे, इथे १६३. हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया, कारण कितीतरी घरांतली माणसे पोटासाठी मुंबईला किंवा गोव्याला गेलेली. पट घटला तो या स्थलांतरामुळे, विरळ वस्तीमुळे आणि घटलेल्या जन्मांमुळे. त्याचा दोष शाळेवर आणि शिक्षकांवर टाकणे अन्याय आहे.

मुले शिकत नाहीत म्हणून वर्ग बंद करावेत, असेही कोणी म्हणू शकत नाही. २०१२ पासून कोकणचे स्वतंत्र विभागीय मंडळ आहे आणि दहावीच्या निकालात ते सातत्याने राज्यात पहिले येते. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, कोकणचा ९८.८२ टक्के. दहावीच्या या यशाचा पाया वाडीवस्तीवरच्या शाळांनीही घातला आहे. तिथल्या गुरुजींना आणि बाईंना प्रत्येक मुलाचे घर माहीत असते, मूल दोन दिवस आले नाही तर ते विचारपूस करतात. लहान शाळेचे हे बळ आहे.

कायदाही आपल्या बाजूने बोलतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना प्रत्येकी किमान एक शिक्षक सांगितला. अशी शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी, असे नियम सांगतात. पण नकाशावरचे तीन किलोमीटर आणि घाटीतले, पावसातले तीन किलोमीटर एक नव्हेत. वाहतूक भत्ता दिला, तरी जिथे रस्ताच नाही तिथे गाडी कुठून येणार? मग अकरा-बारा वर्षांच्या मुलीची शाळा सर्वांत आधी सुटते.

पाच-सात मुलांच्या वर्गात स्पर्धा नसते, खेळायला संघ होत नाही, हा आक्षेप खरा आहे. त्यावर इलाज आहे. केंद्रातल्या शाळांनी विषयशिक्षक वाटून घ्यावेत, आठवड्यातून एक दिवस मुलांना एकत्र आणावे. जिथे बारमाही रस्ता आहे आणि पालक राजी आहेत, तिथे समूह शाळा जरूर करावी. पण ते गावाला विचारून. आणि पट वाढूही शकतो. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेत बोटांवर मोजण्याइतकी मुले उरली होती. शिक्षक आणि गावकरी एकत्र आले, पट वाढला, आणि २०२५ मध्ये त्याच जिल्हा परिषद शाळेने जगभरातल्या शाळांमधून लोकपसंतीचा पुरस्कार मिळवला.

म्हणून पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा. तिथे तीन चतुर्थांश जागा तुमच्या आहेत, आणि समितीच्या एकूण जागांपैकी निम्म्या आयाबहिणींच्या. वाडीतल्या प्रत्येक मुलाची नोंद, शाळेपर्यंतचे अंतर, वाटेतले वहाळ आणि साकव लिहून काढा. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या, की डोंगरी आणि विरळ वस्तीच्या गावांना २० पटाची अट लावू नये. ठरावाची प्रत जिल्हा परिषदेला आणि आमदारांना द्या. मुंबईकर चाकरमान्यांनो, मंदिराच्या जीर्णोद्धाराला तुम्ही हात सैल सोडता. यंदा चतुर्थीला आलात की ज्या शाळेत मुळाक्षरे गिरवलीत तिच्या ओटीवर एक बैठक घ्या. तुमच्या मंडळाचा आवाज मंत्रालयापर्यंत लवकर पोचतो.

आणि शासनाला एकच विनंती. शिक्षकाचे पद रद्द करण्याआधी एका अधिकाऱ्याने भर पावसात त्या मुलीबरोबर तिची नवी वाट चालून पाहावी. पटाचा निर्णय त्यानंतर करावा.