नारिंगी टोपीचा हिशेब
सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता सगळीकडे सारखाच. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात त्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी असते, एवढाच फरक. जानेवारी २००४. व्हरमाँटचे माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षीय उमेदवारी मागत होते आणि इराक युद्धाला त्यांनी केलेल्या विरोधाने भारावलेली पोरं बाहेरच्या राज्यांतून येऊन हाडं गोठवणाऱ्या थंडीत दारं ठोठावत होती. डोक्यावर नारिंगी टोपी, हातात पत्रकं. निष्ठा भरपूर होती. नव्हती ती ओळख. आयोवात उमेदवार निवडायचा तो कॉकसमध्ये, आणि तेव्हाचा कॉकस म्हणजे काही पडद्याआड गुपचूप दिलेलं मत नव्हतं. शाळेच्या हॉलमध्ये गावकरी जमत, आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहत. साधारण १५ टक्के माणसं न जमलेला गट बाद होई आणि त्यातल्यांना शेजारीपाजारी आपल्याकडे ओढत. तिथे परक्या टोपीपेक्षा बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याचा शब्द भारी. १९ तारखेच्या रात्री जॉन केरी पहिले, जॉन एडवर्ड्स दुसरे आणि डीन १८ टक्क्यांवर तिसरे. जगाच्या लक्षात राहिली ती फक्त डीन यांची त्या रात्रीच्या भाषणातली आरोळी. पण इंटरनेटवरून छोट्या देणग्या नि माणसं जोडायची जी वाट या पोरांनी पाडली, तिच्यावरूनच २००८ मध्ये ओबामा पुढे गेले. पेरणी एकाची, सुगी दुसऱ्याची. कार्यकर्त्याला हे पक्कं ठाऊक असतं; तरी पुढच्या निवडणुकीला तो टोपी शोधू लागतोच.