अंधूक दीर्घिकेचा हक्काचा वाटा

सप्तर्षीच्या दिशेला, सुमारे एक कोटी प्रकाशवर्षांवर एनजीसी ३७४१ नावाची बुटकी, अनियमित दीर्घिका आहे. ना सर्पिल बाहू, ना ठसठशीत गाभा; छायाचित्रात निळसर डागापलीकडे फारसं काही दिसत नाही. असल्या फुटकळ दीर्घिकेवर मोठ्या दुर्बिणींचा वेळ कशाला दवडायचा, हा प्रश्न मला उफराटा वाटतो. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने तिथल्या हायड्रोजनचे २१ सेंटिमीटरचे रेडिओतरंग टिपले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निरीक्षणांनुसार वायूची तबकडी ताऱ्यांच्या दृश्य त्रिज्येच्या आठपटींहून लांब पसरली आहे, आणि दीर्घिकेचा आकार वेडावाकडा असला तरी ती फिरते मात्र शिस्तीत. त्या वेगावरून काढलेलं वस्तुमान आणि तिचा प्रकाश यांचं गुणोत्तर सूर्याच्या शंभरपटींपुढे जातं.

हे सगळं वायूचंच वजन असेल, असं कोणी म्हणेल. वायू तिथे ताऱ्यांहून जास्त आहे खरा, पण तो धरूनही हिशेब लागत नाही; उरलेलं वजन न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचं मानलं जातं. दुसरा आक्षेप अधिक तगडा आहे: कृष्णद्रव्य नसेलच, अतिमंद त्वरणाला गतीचा नियमच बदलत असेल. भौतिकशास्त्रज्ञ मिलग्रोम यांनी १९८३ साली मांडलेला हा विचार याच दीर्घिकेच्या वेगांशी बऱ्यापैकी जुळतो. जुळू दे की! मोठ्या दीर्घिकांत ताऱ्यांचं वजन किती धरायचं यावरच घोळ होतो. इथे तारेच इतके थोडे, की कोणत्याही पक्षाला त्या घोळाआड लपता येत नाही. दुर्बिणींच्या वेळेचं वाटप करताना अशा दीर्घिकांना उरलासुरला नव्हे, हक्काचा वाटा मिळायला हवा.