धक्क्यावरचे धक्के

बंदराला लागताना जहाज धक्क्यावर आदळले, पत्र्याला पोचे आले, जीवितहानी नाही. अशी बातमी वाचून वाचक निश्चिंत मनाने पान उलटतो. ६ जुलै २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्को बंदरात ‘रूबी प्रिन्सेस’ हे प्रवासी जहाज असेच धक्क्यावर आदळले आणि कोणालाही इजा झाली नाही. २ जून २०१९ रोजी व्हेनिसमध्ये मात्र ‘एमएससी ऑपेरा’ हे सुमारे ६५ हजार टनी जहाज ताबा सुटून धक्क्यावर व तेथील पर्यटक-नौकेवर धडकले आणि काही जण जखमी झाले. पुढच्याच महिन्यात वादळात आणखी एक मोठे जहाज काठाला घासता घासता वाचले. अखेर १ ऑगस्ट २०२१ पासून इटलीने मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून जाण्यास बंदी केली.

या परदेशी घटनांशी मीरा-भाईंदरच्या नागरिकाचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. ज्या खाडीच्या दोन्ही तीरांवरील धारावी व वसई हे किल्ले मराठ्यांनी १७३९ साली जिंकले, त्या खाडीतून २० फेब्रुवारी २०२४ रोजी भाईंदर-वसई रो-रो सेवा सुरू झाली. रस्त्याचा सुमारे ३८ किलोमीटरांचा वळसा पाण्यावरून साडेतीन-चार किलोमीटरांवर आला. ही सोय स्वागतार्ह आहे यात शंका नाही. परंतु लहान असो वा मोठी, कोणत्याही नौकेच्या प्रवासातील नाजूक क्षण धक्क्याला लागण्याचाच असतो. आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो. त्यातच रो-रो नौकेला आपली पुढची झडप उतरत्या धक्क्यावर नेमकी टेकवावी लागते. उधाणाच्या दिवसांत या किनाऱ्यावर पाण्याची पातळी चार मीटरांच्या आसपास चढते-उतरते, ओहोटीला गाळ वर येतो आणि खाडीची ओढ नौकेला बाजूला रेटते. भाईंदरला काही विपरीत घडले आहे, असा येथे आरोप नाही. अशा ठिकाणी किरकोळ घासाघीस संभवते, एवढाच मुद्दा आहे.

प्रश्न आहे तो या किरकोळ घटनांच्या नोंदीचा. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर मौन पाळणे हे प्रत्येकाच्या सोयीचे असते. तांडेलाला नोकरीची चिंता, मालकाला विम्याच्या हप्त्याची आणि फेरी बुडण्याची, अधिकाऱ्याला चौकशीची. पोचा ठोकून सरळ करणे स्वस्त, तो कागदावर आणणे महाग. या मौनाची किंमत मात्र ज्याने ते पाळले त्याला मोजावी लागत नाही. ती पुढे केव्हा तरी प्रवासी मोजतो. २६ मार्च २०२४ रोजी बाल्टिमोरचा पूल ‘डाली’ या मालवाहू जहाजाच्या धडकेने कोसळून सहा कामगार मृत्युमुखी पडले. त्याच्या आदल्याच दिवशी, बंदरात उभे असताना, त्या जहाजाची वीज दोनदा गेली होती, हे नंतरच्या तपासात उघड झाले. मोठा अपघात बहुधा लहान निरोप धाडूनच येतो.

यावर उपाय नवे नाहीत. १९८७ साली ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही रो-रो नौका पुढचे दार उघडे राहिल्याने उलटून १९३ जण दगावले, तेव्हा ब्रिटनने १९८९ मध्ये सागरी अपघातांच्या तपासासाठी स्वतंत्र शाखा स्थापली. तिचे अहवाल सर्वांसाठी प्रसिद्ध होतात. आपल्याकडेही रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. ज्याची गाडी त्यानेच चौकशी करू नये, हे तत्त्व आपल्याला नवखे नाही. महाराष्ट्र सागरी मंडळाने प्रत्येक धक्क्यावर अशा घटनांची नोंदवही ठेवावी आणि दर तिमाहीस तिचा गोषवारा प्रसिद्ध करावा. जो आपण होऊन कळवील त्याला शिक्षा नसावी. जो लपवील त्याला जबर असावी. गाळ कोठे आधी उपसायचा, रबरी फेंडर कोठे बदलायचे, हे त्या नोंदींवरून ठरावे.

अशा नोंदींनी प्रवासी बिथरतील आणि भाडे वाढेल, हा आक्षेप अपेक्षित आहे. नोंदवहीचा आणि एका कारकुनाचा खर्च तो किती? भीतीचे म्हणाल, तर ती माहितीपेक्षा अफवेनेच अधिक पसरते. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ नौकेला नौदलाची वेगवान बोट धडकून अनेकांचे प्राण गेले, तेव्हा जीवरक्षक जॅकेटांपासून साऱ्या गोष्टींची चर्चा झाली. ती आधी व्हावयास हवी होती. मोठ्या धक्क्यानंतर जागे होणे हा आपला रिवाज आहे. लहान धक्क्यांची मोजदाद करणे हा शहाणपणाचा मार्ग होय.