उडालेल्या रंगाची बाजू

खामगावातील एका घरी गेले तीन महिने जेवणाच्या टेबलावर एक इलेक्ट्रिक गिटार उताणी पडलेली आहे. तारा काढलेल्या, सहाही खुंट्या एका स्टीलच्या वाटीत, पुढची पांढरी प्लास्टिकची पट्टी उचकटून बाजूला ठेवलेली. घरच्यांनी तेवढ्यासाठी पाने जमिनीवर मांडायला सुरुवात केली, यावरून प्रकरणाचे गांभीर्य वाचकांच्या ध्यानी यावे. गिटार आमच्या एका स्नेह्याच्या दिवंगत वडिलांची. ऐंशीच्या दशकात ते एका ऑर्केस्ट्रात वाजवत असत. गणपतीचे दहा दिवस, मग नवरात्र, मग लग्नसराई, असे मलकापूर, चिखली, मेहकर, शेगाव करीत त्यांनी ही कलकत्त्याला बनलेली लाल गिटार झिजवली. उजव्या हाताचा कोपरापुढचा भाग जिथे टेकतो तिथला रंग पार उडाला आहे आणि खालचे लाकूड घामाने काळवंडले आहे. तळहाताएवढा तो डाग हेच भांडणाचे मूळ आहे.

स्नेह्याचे म्हणणे असे की सगळा रंग खरवडून काढावा, लांबी भरावी, काचेसारखा नवा लाल रंग चढवावा आणि बाबांची आठवण म्हणून गिटार दिवाणखान्यात, हार घातलेल्या फोटोशेजारी टांगावी. पुण्याहून येऊन-जाऊन असणारे त्यांचे एक आतेभाऊ याच्या नेमके उलट सांगतात: जुन्या वाद्याच्या स्क्रूलाही हात लावू नये, ‘ओरिजिनल’ ते ओरिजिनल. आणि ज्यांच्याशी आम्ही एरवी कवितेवर वाद घालतो ते आमचे एक विद्वान मित्र विचारतात, की साहित्य-समीक्षेच्या जागी हे सुतारकाम कशाला? या तिन्ही मतांविरुद्ध आम्हाला बोलायचे आहे. चौथे मत त्या घरातल्या सोळा वर्षांच्या नातीचे आहे. तिला ती गिटार वाजवायची आहे. ते मत अजून कोणी विचारात घेतलेले नाही.

विद्वान मित्रांचा समाचार आधी घेऊ, कारण तो लवकर आटोपेल. त्यांच्या प्रश्नामागे एक गृहीतक दडलेले आहे: विजेवर वाजणारे तारवाद्य आणि त्यात केलेले फेरफार हा महानगरातील तरुणांचा आयात केलेला छंद आहे, आपल्या मातीशी त्याचा संबंध नाही. आमचा त्यांना एकच प्रश्न आहे. त्यांनी आपल्याच गल्लीतून जाणारी वरात कधी कान देऊन ऐकली आहे काय? आपण ज्याला ‘बेंजो’ म्हणतो त्याचा अमेरिकेतील बँजोशी काडीचा संबंध नाही. जपानमध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली तारांवर टंकयंत्राच्या बटणांसारख्या कळा बसवून ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य केले. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झाले, आणि महाराष्ट्रातील वाद्यवृंदांनी त्याला पिकअप लावून, अ‍ॅम्प्लिफायरला जोडून, मिरवणुकीच्या गदारोळातही ऐकू जाईल असे धारदार केले. हे कोणत्या कंपनीच्या संशोधन विभागाने केले नाही. ते रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी, सुतारांनी आणि वाजवणाऱ्यांनी केले. विजेच्या तारवाद्यात फेरफार करण्याची परंपरा आपल्याकडे आहे, भरघोस आहे, फक्त तिच्यावर कोणी प्रबंध लिहिलेला नाही. ज्या समीक्षेला लोकसाहित्यातील ओवीचे पाठभेद दिसतात तिला बेंजोच्या पेटीचे पाठभेद दिसू नयेत, हा दोष बेंजोचा नव्हे.

पेटीचेच पाहा. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला ज्या कारणांसाठी बंदी घातली त्यात ती परकी आहे आणि तिच्या स्वरांना मींड येत नाही, ही प्रमुख होती. त्याच्या कितीतरी आधी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुतींचा हिशेब मांडून तशी खास पेटी बनवून घेतली होती. परक्या वाद्यात फेरफार करून ते आपल्या कानाला जुळवून घ्यावे, हा त्यांचा मार्ग. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांचे हात तंबोऱ्याकडे वळले आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या काळी कोणी त्यांना ‘आपला मूळ धंदा सोडू नका’ असे बजावले असते तर? असो.

आता ‘ओरिजिनल’वाल्यांकडे वळू. आतेभावांची भीती अगदीच निराधार आहे असे नाही. १९५४ नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील एखादी फेंडर स्ट्रॅटोकास्टर हाती आली आणि तिचा रंग कोणी खरवडला, तर तिची किंमत कोसळते. तिथे संग्राहकांचा बाजार आहे आणि त्या बाजाराचा कायदा आहे. पण आपल्यापुढची गिटार त्या बाजारातली नाही. ती स्वस्त होती म्हणूनच एका ऑर्केस्ट्रावाल्याला परवडली. श्रीमंतांच्या तिजोरीचा कायदा गरिबाच्या अवजाराला लावणे ही आम्हाला निव्वळ नक्कल वाटते. शिवाय हे ‘मूळ रूप’ म्हणजे नेमके कोणते? झाकण उघडले तेव्हा आत दिसले ते असे: एका पिकअपची तार मध्येच तुटलेली आणि आगकाडीच्या तुकड्याला गुंडाळून जोडलेली, आवाजाचा पॉट कुठल्याशा जुन्या रेडिओतून काढून बसवलेला, तारा जिथून मानेवर चढतात ती मूळची प्लास्टिकची पट्टी जाऊन तिथे कानशीने घासून बेतलेला हाडाचा तुकडा. म्हणजे ज्यांच्या स्मृतीसाठी हात लावायचा नाही, त्यांनी स्वतः आयुष्यभर तिला हात लावलेला होता!

तेव्हा आत काय करायचे याविषयी आमच्या मनात संदेह नाही. या गिटारीचे तिन्ही पिकअप एकेरी वेटोळ्याचे आहेत: चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. असे वेटोळे तारेचे कंपन टिपते तशीच आसपासच्या विजेची घरघरही टिपते, आणि मंडपातील जनरेटर, डिमर व ट्यूबलाइट यांच्या सान्निध्यात ती घरघर गाण्यावर स्वार होते. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली यावर उपाय काढला. दोन वेटोळी उलट दिशेने जोडायची, म्हणजे घरघर एकमेकींना छेदते आणि स्वर तेवढा उरतो. पण तसला रुंद पिकअप बसवायचा तर लाकडात नवा खड्डा कोरावा लागेल. लाकूड एकदा गेले की गेले. म्हणून आम्ही एकेरीच्याच मापात मावणारा दुहेरी पिकअप घोडीजवळ सुचवला आहे. उरलेल्या दोघांना आतून तांब्याच्या पत्र्याचे अस्तर लावावे, पॉट नवे घालावेत. काढलेले सगळे, आगकाडीसकट, डबीत घालून जपावे. जे परत फिरवता येते ते बेधडक करावे, जे फिरवता येत नाही त्यापाशी दहादा थबकावे. आमचा नियम एवढाच.

पडद्यांची कथा वेगळी. पहिल्या पाच पडद्यांत तारांनी चर पाडले आहेत. ते घासून समपातळीत आणावे लागतील, दोन तर बदलावेच लागतील. या पडद्यांच्या धातूला ‘निकेल सिल्व्हर’ म्हणतात आणि त्यात चांदी गुंजभरही नसते. असते ते तांबे, निकेल आणि जस्त. चांदीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या खामगावात हे सांगताना आम्हाला थोडे अवघडल्यासारखे झाले. घासण्याचे काम सतारीची जवारी काढणाऱ्याला दाखवावे असे आमचे मत आहे. सतारीवर तो जी झंकार हेतुपुरस्सर निर्माण करतो तीच गिटारीवर नको असते. जो ती आणू शकतो त्याला ती घालवताही येते.

राहिला रंग, म्हणजे खरा वाद. दिवाणखानावाल्या स्नेह्याला आम्ही दुखवू इच्छित नाही, पण त्याचा बेत ज्या मनोवृत्तीतून आला आहे तिच्याशी आमचे उभे वैर आहे. महाराष्ट्रात गावोगाव जुन्या देवळांच्या काळ्या दगडावर ऑइलपेंटचे थर चढवून ‘जीर्णोद्धार’ साजरा होतो, ती हीच वृत्ती. छिन्नीची धार, झिजलेला उंबरा, कोणाच्या तरी हाताने गुळगुळीत झालेला खांब, सारे एका चकचकीत पापुद्र्याखाली गडप. आपल्याच जिल्ह्यात सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या छत्रीच्या संवर्धनाचे काम चालू असताना २०२४ साली जमिनीखालून शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. जवळच उघडे पडलेले काही दगड कोणाच्या तरी नजरेस खटकले म्हणून ती निघाली. तिथेच आधी सिमेंट ओतून फरशी घातली असती तर खटकायला काही उरलेच नसते.

यावर आमच्यावर उलटण्याजोगा आक्षेप आहे आणि तो आम्हीच मांडतो. आज परदेशी कंपन्या कोऱ्या गिटारींचा रंग मुद्दाम घासून, चट्टे पाडून, त्या चढ्या भावाने विकतात. आयर्लंडच्या रोरी गॅलॅघर यांच्या १९६१ च्या गिटारीचा रंग वर्षानुवर्षांच्या वादनाने आणि घामाने उडाला. फेंडरने त्या उडालेल्या रंगाचीही हुबेहूब प्रत काढून विकली. मग डाग राखा म्हणणारे आम्ही त्याच पंथाचे नव्हे काय? नव्हे. न झालेल्या झिजेचा देखावा करणे आणि झालेली झीज पुसून न टाकणे या दोन गोष्टींत अंतर आहे. मात्र डागाची पूजा आम्हालाही नको. उघडे लाकूड घाम पिते, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि खामगावचा मे महिना ज्याने भोगला त्याला आकसणे म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून त्या डागावर लाखेच्या पॉलिशचे दोन-तीन पातळ हात द्यावेत, रंग देऊ नये. बाकीच्या लाल भागात जिथे टवके उडून कडा सुटल्या आहेत तिथे तेवढ्यापुरता रंग भरावा.

आणि तो भरायला मुंबईला जाण्याची गरज नाही. गावातील मोटारी रंगवणारा पेंटर ज्याला ‘ड्युको’ म्हणतो तो शब्द ड्यूपाँ कंपनीच्या मोटारींच्या रंगाचा आहे, १९२० च्या दशकातला. आणि फेंडरने आपल्या गिटारींवर दिलेले खास रंग त्याच कंपनीचे, मोटारींसाठीचेच होते. ज्या कारागिराला आपण बोनेटचा पोचा काढायला बोलावतो तो या कामाचा थेट वारसदार आहे. त्याला आम्ही गिटार दाखवली. त्याने नखाने कड खरवडून पाहिली, लाल रंगाखालचा पिवळा थर दाखवला, आणि श्रावणात हात लावणार नाही म्हणाला. हवेत ओल असली की या जातीचा रंग वाळताना पांढरट पडतो. कार्तिकात या.

स्नेह्याने अद्याप होकार दिलेला नाही. पिकअपला मात्र त्याने हरकत घेतली नाही, कारण ते झाकणाखाली राहणार आणि फोटोत दिसणार नाही. त्यामुळे गेल्या रविवारी आम्ही डाग लावून वायरी जोडल्या, तारा चढवल्या आणि गिटार नातीच्या हाती दिली. तिने एक सूर छेडला, मान वाकडी करून ऐकला आणि पहिली तक्रार केली: आजोबांचा हात लांब होता, तो डाग तिच्या कोपराखाली येत नाही, दोन बोटे पुढे राहतो.