नाताळ कुठल्या भाषेत?

"नाताळ म्हणजे इंग्रजी सण." हे वाक्य या आठवड्यात मी तीनदा ऐकलं. पहिल्यांदा सीताबर्डीवर लोकर घेताना दुकानदाराच्या तोंडून, तेही अगदी प्रेमाने ("तुमचा इंग्रजी सण आला ना ताई, मग लालच घ्या"). दुसऱ्यांदा शेजारच्या काकूंकडून. चाळीस वर्षं आमच्या घरचे अनारसे खाताहेत, पण मत कायम! आणि तिसऱ्यांदा आमच्याच नात्यातल्या एका भाच्याकडून, फोनवर. पहिल्या दोघांना हसून सोडून दिलं. तिसऱ्याला सोडवत नाहीये, म्हणून हे लिहिणं.

प्रकरण असं आहे. दरवर्षी २४ तारखेला रात्री सगळे आमच्याकडे जमतात. जेवणाआधी लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय कुणीतरी वाचतं, दोन-तीन भजनं होतात, प्रार्थना होते आणि मग पानं वाढली जातात. माझ्या सासूबाईंच्या आधीपासून हे मराठीत चालत आलंय. यंदा येणाऱ्यांत अकरा मुलं आहेत. त्यातली आठ बंगळूर, हैदराबाद आणि त्याहून लांबची, इंग्रजी शाळांतली. तेव्हा भाच्याचं म्हणणं, यावेळी सगळं इंग्रजीत करू या, मुलांना काही कळत नाही, नुसती चुळबुळत बसतात. "मावशी, देवाला सगळ्या भाषा कळतात."

देवाला कळतात रे बाबा. प्रश्न आपल्याला काय कळतं, हा आहे.

त्याचा मुद्दा पोकळ आहे असं नाही. मुलं चुळबुळतात हे खरंच. आणि येशूच्या तोंडची भाषा मराठी नव्हती तशी इंग्रजीही नव्हती, तेव्हा पवित्र भाषा म्हणून कुणी कुणाला दाखवू नये. माझी हरकत वेगळी आहे. इंग्रजीत केलं तर ते 'सोपं' होईल हे मला मान्य आहे. पण ते 'मूळचं' होईल, असा जो एक सूर त्यात असतो ना, तो मला खटकतो. जणू काही इतकी वर्षं आपण भाषांतरावर भागवत होतो आणि आता खऱ्या वस्तूकडे चाललोय!

साधा 'नाताळ' हा शब्दच घ्या. तो आला पोर्तुगीज 'नताल'वरून. इंग्रजांचा त्यात काही हात नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स नावाचा जेझुइट होता, तो जन्माने मात्र इंग्रज. त्याने ख्रिस्ताची कथा सांगायला मराठी ओवी निवडली. दहा हजारांवर ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापून निघालं, तेही रोमन लिपीत. म्हणजे मूळ इंग्रजी बोलणारा माणूस चारशे वर्षांपूर्वी नाताळची गोष्ट मराठीत सांगत होता, आणि मराठी बोलणारे आपण आज ती इंग्रजीत सांगायला निघालो आहोत. असो.

या आठवड्यात घरात तीन कामं चालू आहेत: अनारसे, स्वेटर आणि वाचन. तिन्ही एकमेकांत गुंतली आहेत. बंगळूरची नात सुट्टी लागल्याबरोबर पुढे आली आहे. नऊ वर्षांची आहे. मराठी बोलते छान, पण वाचताना अक्षरावर बोट ठेवून, अडखळत, जोडाक्षर आलं की माझ्याकडे बघत. तिच्यासाठी बिनबाह्यांचा स्वेटर घातलाय, मरून रंगाचा. (दुकानदाराचं लाल मी घेतलं नाही!)

विणकाम करणाऱ्या बायकांना माहीत असेल, विणताना हात गुंततात, कान मोकळे असतात. डोळे निम्मेच लागतात. म्हणून आमच्याकडे पूर्वी दुपारी एकीने वाचायचं आणि बाकीच्यांनी विणायचं अशी रीत होती. पण त्यातही मेख आहे. वेणीचं डिझाइन किंवा जाळी असेल तर टाके मोजावे लागतात, मग गोष्ट डोक्यात शिरत नाही. खालची पट्टी, दोन सुलट दोन उलट, तिला सुरुवातीला जरा लक्ष लागतं, मग ती हाताला येते. आणि नऊ नंबरच्या सुयांवर अंगाचं साधं विणकाम चालू झालं, एक ओळ सुलट एक ओळ उलट, की ऐका खुशाल कादंबरी. म्हणून मी यंदा मुद्दाम साधा स्वेटर घेतला आणि वाचायचं काम नातीकडे दिलं.

पुस्तक 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांचं. नऊ वर्षांच्या मुलीला हे? असं तिच्या आईने विचारलंच. मी म्हटलं, वाचू तर दे. पहिल्याच भागात लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं येतं, बाजारातून घरात आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेणारे वडील! कोविडच्या २०२० सालात आपण दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या होत्या ते नातीला अंधुक आठवतं, की घरात ऐकून ऐकून आठवतंय असं वाटतं, देव जाणे. पण ती खदखदून हसली, आणि हसता हसता दोन पानं पुढे गेली. बोट अक्षरावरून कधी उठलं तिला कळलं नाही. मला कळलं.

हे पुस्तक मोठ्याने वाचायलाच लिहिलंय असं मला नेहमी वाटत आलंय. लग्न झालं तेव्हा लक्ष्मीबाई अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अक्षरओळख नंतर नवऱ्याकडून झाली. कदाचित त्यामुळेच असेल, त्यांच्या वाक्यांत पुस्तकी वळण नाहीच. ओट्यावर बसून कुणी सांगतंय असं वाटतं. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत निघालं, आणि त्याच १९३६ सालच्या फेब्रुवारीत त्या गेल्या. आज वाचताना त्यातलं मराठी मला माझ्या भाच्याच्या ई-मेलमधल्या मराठीपेक्षा जास्त ताजं वाटतं. (रागावू नकोस रे.)

आणि आपल्या नागपूरकरांचा या पुस्तकावर खास हक्क आहे. नारायण वामन टिळक (लोकमान्य नव्हेत, रेव्हरंड, फुलामुलांचे कवी) इथे आप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांच्या कामाला होते. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला जात होते, तेव्हा आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी गप्पा झाल्या, त्याने नवा करार हातात ठेवला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सुमारे पाच वर्षं लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. त्या दिवसांचं वर्णन वाचताना नात गप्प झाली. "मग आजोबा वाईट होते का?" तिने विचारलं. टिळकांना ती आजोबा म्हणते! मी म्हटलं, वाईट नव्हते, पण बायकोला न सांगता इतकं मोठं पाऊल उचलायला नको होतं. धर्माच्या बाबतीत आमच्या घरात टिळकांचा शब्द मोठा, पण या बाबतीत मी पूर्णपणे लक्ष्मीबाईंच्या बाजूने आहे आणि राहीन. पुढे त्या स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळेने ख्रिस्ती झाल्या, नवरा म्हणतो म्हणून झाल्या नाहीत. हे नऊ वर्षांच्या मुलीला नाताळच्या आठवड्यात कळावं, याहून चांगली तयारी कुठली?

सांगायचा मुद्दा हा, की हे टिळक पुढे काय म्हणत होते. ख्रिस्त हवा, पण तो कोटपाटलोणात नको. त्यांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, पेटी-तबला-टाळांवर म्हणायची भजनं लिहिली. 'उपासना संगीत' उघडून बघा, पानापानावर टिळक भेटतील. १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. ज्या बाईला लग्नात अक्षर येत नव्हतं तिने!

पंडिता रमाबाईंचं उदाहरण तर भाच्याला फोनवरच सांगितलं. रमाबाईंना इंग्रजी येत नव्हतं का? १८८७ साली अमेरिकेत 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक त्यांनी इंग्रजीतच लिहिलं, तेही खपेल असं. पण खेड्यातल्या बायकांना बायबल कळावं म्हणून हिब्रू आणि ग्रीकशी झटापट करून त्यांनी सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. शेवटची वर्षं त्यातच गेली. आपलं भाषांतर आयतं मिळालेलं नाही, एवढंच मला म्हणायचंय. 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी आपलेच, १८५७ साली विधवांच्या दुःखावर मराठीत कादंबरी लिहिणारे. इथे नागपुरात स्टीफन हिस्लॉप १८४५ ला आले. हिस्लॉप कॉलेजचं नाव त्यांच्यावरून, एवढं मुलांना माहीत असतं. ते आधी इथली भाषा शिकले, हे कुणी सांगत नाही.

मध्ये एक दिवस नात म्हणाली, "आजी, विकतचा का नाही आणायचा?" रास्त प्रश्न. थंडीत इथे तिबेटी लोक स्वेटर विकायला बसतात, तिथे मी तिला घेऊन गेले. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे स्वेटर लुधियानाचे, मशीनवरचे, स्वस्त आणि देखणे असतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची वसाहत आहे, १९७२ पासूनची. दुकानातली बाई आमच्याशी हिंदीत बोलत होती, मध्येच मराठीत भाव सांगत होती, आणि मागे गृहपाठ करणाऱ्या आपल्या मुलाला तिबेटीत दटावत होती. घर हजारो मैल मागे सुटलेली माणसं ही. आम्ही तर आमच्याच गावात बसलो आहोत! नातीने तिथून एक टोपी घेतली. स्वेटर मात्र आजीचाच हवा म्हणाली. थंडीही पडतेय बरी. २९ डिसेंबर २०१८ ला इथला पारा ३.५ अंशांवर गेला होता, तसं काही झालं तर माझ्या लोकरीचं चीज होईल. एरवी नागपूरच्या स्वेटरचं आयुष्य किती, महिना-दीड महिना.

अनारशांचं सांगायचं राहिलंच. तांदूळ तीन दिवस भिजले, रोज पाणी बदललं, चौथ्या दिवशी फडक्यावर पसरून, जरा ओलसर असतानाच दळले. आता गूळ आणि तूप घालून पीठ डब्यात मुरतंय. घाई केली की अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरघळून जातो, हे लहानपणी मला फार गमतीचं वाटायचं. करंज्या, चकल्या शनिवारी. केक असतोच, त्यात संत्र्याची साल पाकात शिजवून घालते. केकला माझा विरोध नाही हो. आमच्या लहानपणी बेकरीत घरचं सामान नेऊन नानकटाई करून आणायचो, तशी केकची भांडीही भट्टीत जायची. केक आमच्या फराळाच्या ताटात येऊन बसला, त्याने ताट ढकलून दिलं नाही. इंग्रजी कॅरलही तसंच यावं, एक-दोन, शेवटी, हौसेने. मुलांना म्हणू द्या. पण वाचन मराठीत.

आणि मुलांना कळत नाही, यावर उपाय त्यांच्यासमोर भाषा बदलणं हा आहे, की चार दिवस आधी बोलावून त्यांच्या हातात पुस्तक देणं हा आहे? आपण जे मुलांना वाचायलाच दिलं नाही, ते त्यांना कळत नाही म्हणून त्यांच्याच नावावर खपवतो. पोहायला शिकवायला पैसे देऊन शिबिराला घालतो की नाही? मग आजीकडे चार दुपारी फुकटच आहेत. नातीने पाच दुपारांत किती वाचलं ते मी मोजून ठेवलंय, पण इथे सांगत नाही, नजर लागायची. :-)

तेव्हा २४ तारखेचं असं ठरवलं आहे. लूकचा दुसरा अध्याय, पहिल्या वीस ओव्या (म्हणजे वचनं, सध्या डोक्यात ख्रिस्तपुराण आहे), नात वाचेल, मराठीत, आणि अडखळली तर कुणीही पुढचा शब्द सुचवायचा नाही. बाकीच्या मुलांनी दोन-दोन वचनं घ्यावीत. ज्यांना देवनागरी जमत नाही त्यांना मी तोंडपाठ करून घेईन, त्यासाठी २२ ला दुपारपर्यंत पोचा. भाच्याने पेटी आणायची आहे, ती तोच वाजवेल, कारण दुसरं कुणी वाजवत नाही. पुण्याच्या मंडळींनी टाळ विसरू नयेत, मागच्या वर्षी ताटं वाजवावी लागली होती. स्वेटरचे मुंढे झालेत, गळ्याची पट्टी राहिली आहे, आणि आज दुपारी लक्ष्मीबाई राजनांदगावला पोचतील.