टॉवेलचा हिशेब विद्यापीठाने मांडावा

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठातील वाणिज्य व व्यवस्थापन संशोधनात पहिला मान इथल्या यंत्रमागालाच मिळाला पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा टेरी टॉवेल विणणाऱ्या या शहराला झळ बसणार हे उघड होते. किती आणि कोणाला, हे मात्र कुणीतरी मोजायला हवे. सूत, रंगणी, वीज, वाहतूक यांत खर्च नेमका कुठे वाचतो, याचा स्वतंत्र अभ्यास हाताशी नसला की पहिली कात्री मजुरीला लागते. अक्कलकोट रस्त्यावरच्या कारखान्यांत रात्रपाळीला मागापाशी उभ्या राहणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही.

विद्यापीठाने कारखानदार आणि कामगार संघटना, दोघांनाही सोबत घेऊन याच शैक्षणिक वर्षात असा अहवाल मराठीत जाहीर करावा. पानिपत आणि करूर ही स्पर्धक वस्त्रकेंद्रे सोलापूरसाठी थांबणार नाहीत.