भाऊबीज ते ज्ञानपंचमी

आश्विन महिना व्यापारी कुटुंबाला घाईचा असतो. सावद्यात केळीच्या गाड्या भरण्याची लगबग चालूच असते, शेतांत कांदेबागाची लागवड होते आणि बाजारपेठ दिवाळीच्या खरेदीने गजबजते. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपत असले, तरी चोपडापूजनापूर्वी उधारी-वसुलीचा मेळ घालण्याची रीत पेढ्यांवर टिकून आहे. घरातील वडीलधारी मंडळी नवपद ओळीची आयंबिले करतात. शाळा-महाविद्यालयांतील मुले मात्र परीक्षा आटोपून मोकळी होतात. वडील दुकानात, आई फराळाच्या तयारीत आणि मुले मोबाइलमध्ये, असे चित्र मग अनेक घरांत दिसते.

या सुटीचे सार्थक करण्याचे एक साधन समाजाजवळ आहे. शांतिलाल मुथ्था यांनी 1985 मध्ये स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेचा किशोरवयीन मुलींसाठी ‘स्मार्ट गर्ल’ हा उपक्रम आहे. दोन दिवसांच्या या कार्यशाळेत स्वतःची ओळख, संवाद व नातेसंबंध, मासिक पाळी व स्वच्छता, स्वसंरक्षण, मैत्री व मोह, निवड व निर्णय असे विषय हाताळले जातात. विशेष म्हणजे पालकांनाही त्यात सहभागी करून घेतले जाते.

खरी कसोटी या पालकांच्या सत्रातच आहे. आपल्या घरांतील मुली आज बी.कॉम., एम.कॉम. होतात, पेढीचे जीएसटी विवरणपत्रही काही घरी मुलगीच भरते. परंतु तिच्या पुढील शिक्षणाचा किंवा विवाहाचा विषय निघाला, की तिचे मत सर्वांत शेवटी विचारले जाते. त्यामागे दुष्ट हेतू नसतो. विचारण्याची सवयच नसते. दोन दिवसांत मनातले बोलायला शिकलेली मुलगी घरी परतली आणि ऐकणारे कोणी नसले, तर त्या शिक्षणाचा उपयोग किती? आई बहुधा येते. वडील मात्र देणगीची पावती फाडून जबाबदारी पूर्ण झाली असे मानतात.

केवळ पैशाने असे काम होत नाही, हे या संघटनेनेच दाखवून दिले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. त्यानंतर सुमारे 1200 भूकंपग्रस्त मुलांना पुण्यात आणून त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी संघटनेने घेतली. त्यासाठी निधी लागलाच. पण त्या मुलांची रोजची विचारपूस करणारी माणसेही लागली. परक्या मुलांचे पालकत्व पत्करणाऱ्या समाजाला स्वतःच्या मुलीसाठी अर्धा दिवस जड का वाटावा?

‘सीझनमध्ये दुकान सोडता येत नाही’ ही अडचण खोटी नाही. म्हणून तिथीच विचारपूर्वक निवडावी. दिवाळीनंतर लाभपंचमीच्या मुहूर्तावर व्यवहार पुन्हा सुरू करण्याची प्रथा अनेक व्यापारी घराण्यांत आहे. भाऊबीजेनंतरची तृतीया आणि चतुर्थी हे दोन दिवस त्यामुळे तुलनेने निवांत असतात. मुलांची सुटीही संपलेली नसते. सावद्यासारख्या गावातील मंडळांनी स्थानक किंवा मंगल कार्यालय त्या दोन दिवसांसाठी आधीच राखून ठेवावे आणि निमंत्रण वडिलांच्या नावे द्यावे.

लाभपंचमी हीच आपली ज्ञानपंचमी. त्या दिवशी घरोघरी ज्ञानाची पूजा होते. तत्पूर्वी घरातील शिकलेल्या मुलीचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, तर त्या पूजेला अधिक अर्थ येईल.